वडिलांना हंटिंग्टन निघालाय, मंडळाने दीड लाख जमवलेत, संशोधनाला कुठे द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा २९ वर्षांचा, कागल एमआयडीसीत कामाला. वडील ५३ चे, चार वर्षं झाली हातपाय आपोआप हलतात, चिडचिड वाढलीय, शेवटी बेंगलोरला नेऊन टेस्ट केली तर रिपोर्टवर १७/४४ असा आकडा आणि हंटिंग्टन डिसीज असं निदान, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू बिघडवणारा, घराण्यात चालणारा आजार. आजोबा पण "तसेच" गेले म्हणतात. धाकट्या बहिणीला स्थळं येतायत. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी यंदा गणपतीला डॉल्बी न लावता दीड लाख बाजूला ठेवलेत, ते या आजाराच्या संशोधनाला द्यायचेत आणि त्याचा फ्लेक्स वडिलांच्या फोटोसकट लावायचाय. दुबईतला मावसभाऊ पण पैसे देणार म्हणतोय. पैसे कुणाला द्यावेत, मी स्वतः टेस्ट करावी का, बहिणीचं काय, आणि व्हॉट्सअॅपवर "इलाज सापडला" असं फिरतंय ते खरं का, एवढं सगळं त्याने एका दमात विचारलंय.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते. हंटिंग्टन, अटॅक्सिया (तोल जाण्याचा आजार), विल्सन (अंगात तांबं साठण्याचा आजार) असले घराण्यात चालणारे आजार असलेली घरं आपल्या जिल्ह्यात, सांगलीकडे, पलीकडे निपाणी-चिकोडीत कुठे कुठे विखुरलेली आहेत ते बघत आलेय, त्यामुळे उत्तर मोठं होणार, सवडीने वाचा.

पोरांचं मनापासून कौतुक. पण पैसे लगेच कुठेही पाठवू नका, दोन-तीन महिने बँकेत राहू देत. कारण या आजारात संशोधनाला पैशाआधी जे कमी पडतं ती माणसं आहेत, म्हणजे निदान झालेली, नोंद असलेली, वर्षानुवर्षं तपासणीला येत राहणारी कुटुंबं, आणि जे घर आतनं मोडलंय ते घर तपासणीला येत नाही. आई थकलेली, बहीण घाबरलेली, चुलते बोलायचे बंद झालेले, अशा घरातनं कुणीही रक्ताचा नमुना द्यायला बेंगलोरला जात नाही. म्हणून आधी घर, मग पैसे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, या आजाराचं संशोधन खरंच याच रस्त्याने पुढे गेलंय.

कसं ते सांगते. व्हेनेझुएलात माराकायबो नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठाला मासेमारी करणारी गावं आहेत, तिथे या आजाराची एकमेकांच्या नात्यातली शेकडो घरं होती. अमेरिको नेग्रेटे नावाचे डॉक्टर १९५० च्या दशकात तिथे गेले तेव्हा रस्त्याने झोकांड्या खात चाललेली माणसं बघून त्यांना आधी वाटलं की दारू प्यायलेत. आपल्याकडे काय वेगळं होतं सांगा, तुमच्या आजोबांबद्दल गावात काय म्हणत असतील ते मला न सांगता कळतं. नंतर १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर यांची टीम दरवर्षी तिथे जाऊन राहायला लागली, त्यांची स्वतःची आई याच आजाराने गेली होती आणि वडील मिल्टन वेक्सलर यांनी १९६८ मध्ये संशोधनासाठी संस्था काढली होती. या टीमने घरोघर बसून वंशावळ लिहिली, दहा पिढ्यांतली १८ हजारांवर माणसं त्यात आली, चार हजारांवर लोकांनी रक्त दिलं. त्या रक्तावरनं १९८३ मध्ये कळलं की दोष ४ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, आणि अजून दहा वर्षांनी, १९९३ मध्ये जीन हातात आला. आज तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवर जो ४४ आकडा छापून आलाय तो त्या कोळ्यांनी दिलेल्या रक्तामुळे. आणि त्या लोकांसाठी निवारा आणि दवाखाना म्हणून कासा ओगार उघडायला १९९९ साल उजाडलं, म्हणजे जीन सापडल्यावर सहा वर्षांनी. ही गोष्ट मला कायम टोचते, म्हणूनच कुणी "संशोधनाला पैसे द्यायचेत" म्हणालं की मी आधी विचारते, घरच्यांचं काय चाललंय.

आता १७/४४. आपल्या प्रत्येकात हंटिंग्टन जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची एक वडिलांकडची. त्या जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पाठोपाठ परत परत येतात. २६ पर्यंत आली तर काही प्रश्न नाही. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला आजार होत नाही पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणार पण नाही, आणि ४० किंवा त्याच्या पुढे असेल तर पुरेसं आयुष्य मिळालं की आजार येतोच. तुमच्या वडिलांची एक प्रत १७ ची, चांगली, दुसरी ४४ ची. तुम्हाला आणि बहिणीला दोघांनाही वडिलांकडून यातली एकेक प्रत आलीय, कुठली ते आत्ता माहीत नाही, म्हणजे दोघांनाही ५० टक्के शक्यता. दोघांचं नाणं वेगवेगळं उडतं, एकाला आली म्हणून दुसरा वाचला असं नसतं आणि "मी वडिलांसारखा दिसतो म्हणजे मलाच येणार" असंही नसतं. वडिलांकडून मुलांत येताना आकडा कधीकधी वाढतो आणि मग आजार थोडा लवकर दिसतो, तो फार मोठा झाला, ६० च्या वर गेला, तर अगदी विशीच्या आत पण. पण चाळिशीतल्या आकड्यावरनं "अमुक वर्षी सुरू होणार" असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, सुरुवातीच्या वयातला जो फरक माणसामाणसांत दिसतो त्यातला साधारण अर्धा ते साठ टक्केच या आकड्याने समजतो, बाकीचं दुसऱ्या जीन्सवर आणि इतर गोष्टींवर असतं.

अजून एक, लोक मला विचारतात, डॉक्टर आमच्यात नात्यात लग्न झालंच नाही, मग हे आलं कुठून? मामाच्या मुलीशी लग्न केल्यावर जे आजार वाढतात ते वेगळे, विल्सन किंवा फ्रीडरिक अटॅक्सियासारखे, तिथे आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो. हंटिंग्टनला एकाच बाजूची प्रत पुरते. तुमच्या आईचा यात काडीचाही संबंध नाही, हे घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांगा, कारण आपल्याकडे आधी बोल सुनेलाच लावतात. आणि वाडीला नेऊन आणलं, देवऋष्याला दाखवलं, त्याबद्दल आजीला बोलू नका, नृसिंहवाडीला दर्शनाला जाऊन कुणाचं वाईट झालेलं नाही, फक्त कुणी औषधं बंद करायला सांगत असेल किंवा करणी काढायला पैसे मागत असेल तर तिथे थांबायचं.

तुमच्या टेस्टबद्दल. तुम्हाला आत्ता काही त्रास नाही, मग ही टेस्ट करायलाच पाहिजे असं काही नाही. उत्तर "आहे" आलं तर आजार थांबवणारं औषध आज माझ्याकडे नाही, आणि एकदा कळलं की ते विसरता येत नाही. परदेशात जिथे सगळी सोय आहे तिथेही धोका असलेले बहुतेक लोक टेस्ट करत नाहीत. खुद्द नॅन्सी वेक्सलर, ज्यांच्या कामामुळे ही टेस्ट निघाली, त्यांनी टेस्ट घेतली नव्हती, आणि आपल्याला हा आजार आहे हे २०२० मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं. उलट काही लोकांना न कळण्याचंच ओझं जास्त होतं, मूल होऊ द्यायचं का, नोकरी बदलायची का, हे त्यांना अंधारात ठरवायचं नसतं, त्यांच्यासाठी टेस्ट बरोबर आहे. दोन्ही बाजूचे लोक शहाणेच आहेत. फक्त पद्धत सोडू नका. आधी जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे टेस्टचा अर्थ आणि परिणाम समजावून घेणं, एकदा नाही निदान दोनदा, मध्ये विचाराला वेळ, सोबत एक विश्वासातलं माणूस, आणि रिपोर्ट समोरासमोर बसून, ई-मेलवर किंवा फोनवर नाही. रिपोर्टच्या दिवशी सकाळी "नको" म्हणायचा पण हक्क तुम्हाला आहे. बेंगलोरला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत यासाठी नीट क्लिनिक आहे, वडिलांची फाईल तिकडची असेल तर तिथेच विचारा. १८ च्या आतल्या मुलांची, ज्यांना काही लक्षण नाही, टेस्ट करायची नाही, घरात कितीही मोठ्यांनी आग्रह धरला तरी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, यात लोकांचे फुकट पैसे जातात. ही टेस्ट पीसीआर करून, म्हणजे जीनच्या तेवढ्याच भागाच्या पुष्कळ प्रती काढून, सीएजी किती वेळा आलंय (रिपीट) ते मोजायची असते, काही हजारांत होते. होल एक्झोम नावाची, सगळे जीन एकदम वाचणारी महागडी टेस्ट करून "काही निघालं नाही" असा रिपोर्ट घेऊन लोक माझ्याकडे खूश होऊन येतात आणि मला सांगावं लागतं की एक्झोममध्ये हे रिपीट नीट मोजताच येत नाहीत, त्या रिपोर्टला हंटिंग्टनपुरता अर्थ नाही. फॉर्मवर हंटिंग्टन, सीएजी रिपीट, असं लिहिलंय का ते बघूनच रक्त द्या.

तुमच्या चुलत भावंडांचा विषय जरा नाजूक आहे. समजा तुमचा चुलत भाऊ उत्साहाने टेस्ट करून आला आणि पॉझिटिव्ह निघाला, तर चुलत्यांना न विचारता चुलत्यांचाही रिपोर्ट लागला. चुलते पन्नाशीत आहेत, त्यांना कदाचित जाणून घ्यायचंच नसेल. म्हणून भावकीत आधी बोलणं, मग रक्त.

बहिणीचं लग्न. स्थळं येतायत म्हणून "आधी हिची टेस्ट करून मोकळं व्हा" असा दबाव तिच्यावर येणार, घरातनंच येणार. तो तुम्ही अडवायचा. टेस्ट तिची, ती म्हणेल तेव्हा. पण लपवून लग्न करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, घरात आजार आहे हे सांगायचं, पसंती झाल्यावर आणि याद्या व्हायच्या आधी, मुलगी आणि मुलगा दोघांनी बसून, हवं तर डॉक्टरांसमोर. मी अशा जोड्यांशी बोललेय, काही ठिकाणी स्थळ मोडलं, काही ठिकाणी मुलगा आईबापांना समजावून उभा राहिला. नंतर कळलेलं मात्र सासरी कुणी माफ करत नाही आणि प्रकरण कोर्टातही जातं. सासरच्यांनी रिपोर्ट मागितला तर द्यायचं काहीही बंधन नाही, वडिलांचा आजार सांगणं वेगळं आणि आपलं रक्त तपासून दाखवणं वेगळं. पुढे मूल हवं असेल तर रस्ते आहेत, गरोदरपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, पीसीपीएनडीटी कायद्यात, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात, आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत सेंटरमध्ये त्याला परवानगी आहे, किंवा आयव्हीएफ करून आधीच गर्भ तपासून मग ठेवता येतो, ते खर्चिक आहे. बऱ्याच जणी यातलं काहीच न करता मूल होऊ देतात, तोही त्यांचा निर्णय.

आता वडील. लोक हलणाऱ्या हातापायांकडे बघतात, पण घर मोडतं ते स्वभावाने. चिडणं, एकच गोष्ट धरून बसणं, नाहीतर काहीच न करता खाटेवर पडून राहणं, हे सगळं मेंदूतल्या त्याच भागाच्या बिघाडाने होतं, ते मुद्दाम करत नाहीत. त्यांच्याशी वाद जिंकायला जाऊ नका. दिवस ठरलेला ठेवा, अंघोळ, चहा, जेवण त्याच वेळेला, एका वेळी एकच सूचना, आणि उत्तराला भरपूर वेळ द्या, उशिरा बोलले म्हणजे समजलं नाही असं नसतं. नैराश्य या आजारात खूप असतं आणि आत्महत्येचा धोका खराच असतो, "आता बास झालं", "तुम्हाला मोकळं करतो" असं काही बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस फोन लाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. शेतातली औषधं, फवारणीचे डबे कुलपात. हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन दिलं असेल तर ते गुण देतं पण मन खाली नेऊ शकतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर मूडकडे लक्ष ठेवायचं, हे कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

आणि जेवण. यावर मी ओपीडीत सगळ्यात जास्त बोलते, कारण या आजारात माणूस शेवटी बरेचदा घशात अडकून आणि त्यातनं होणाऱ्या न्यूमोनियाने जातो, आणि त्यातलं बरंच टाळता येतं, निदान लांबवता येतं. पातळ आणि कोरडं एकत्र असलेला घास सगळ्यात वाईट, म्हणजे आपली मिसळ. रस्सा आधी घशात पळतो, फरसाण मागे राहतं, श्वास घेताना एक तुकडा आत जातो आणि ठसका. जयसिंगपूरचं भडंग, चुरमुरे, शेंगदाणे, कोरडे पोहे, हे बंद. भाकरी हवी असेल तर दुधात नाहीतर घट्ट आमटीत पूर्ण मऊ होईपर्यंत कुस्करायची, वर तूप. पांढरा रस्सा आवडत असेल तर द्या, भात त्यात घोटून दाट करून, तुकडे काढून. पाण्याचा, चहाचा ठसका लागत असेल तर नाचणीची दाट आंबील, घट्ट ताक, मिल्कशेक. बसवून, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, छोटा चमचा, पहिला घास गिळला ते बघून दुसरा. आणि वजन. सतत हालचाल चालू असते म्हणून यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कॅलरी लागतात, वजन उतरायला लागलं की आजारही अंगावर येतो, त्यामुळे "या वयात तूप नको" हा सल्ला इथे बाजूला ठेवा. दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं, लोणी, केळं, खजूर दुधात वाटून, शेंगदाण्याचा मऊसूत कूट आमटीत. दर महिन्याला वजन करून वहीत लिहा, ती वही संशोधनाच्या पण कामाला येते, पुढे सांगते.

आईला आठवड्यातनं एक अख्खी दुपार मोकळी मिळालीच पाहिजे. मंडळाच्या पोरांनी पैशाशिवाय काय करावं असं विचारलंत तर हे करावं, पाळीपाळीने दोघांनी वडिलांजवळ बसावं, त्यांना रंकाळ्यावर फिरवून आणावं, हात धरून, लाजायचं काही कारण नाही. लोक दारुडा समजतील म्हणून घरात कोंडलेला माणूस लवकर खचतो.

कागदपत्रांचं पटकन. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजारांचा गट आहे, उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनची नावं आहेत, हंटिंग्टनचं नाव छापलेलं नाही म्हणून खिडकीवर अडवतील, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टचं सविस्तर पत्र सोबत ठेवा. अर्ज ऑनलाइन, तपासणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात. ४० टक्के किंवा वर मिळालं की बाकीच्या सवलतींचं दार उघडतं. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ८०डीडीबी कलमाच्या यादीत कोरिया हा शब्द आहे, म्हणजे हेच हलणं, त्याच ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर उपचाराच्या खर्चाची ४० हजारांपर्यंत वजावट, ६० च्या वरच्यांना एक लाखापर्यंत, आणि ८०डीडीमध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी ७५ हजार, अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. हे सगळं जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळतं, सीएला विचारून घ्या. वडिलांची सही अजून चालतेय तोवर बँकेचं नॉमिनेशन, मृत्युपत्र, जमिनीचे कागद उरकून घ्या, या आजारात माणूस अचानक कुणालाही पैसे देऊन टाकतो, मी घरं बघितलीत. आणि तुमचा स्वतःचा हेल्थ आणि लाइफ इन्शुरन्स, टेस्टचा विचार करण्याआधी त्याचं बघा, फॉर्ममध्ये विचारलेलं खरंच लिहा, पण आपल्याकडे जेनेटिक रिपोर्टवरनं भेदभाव होऊ नये असा अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाहीये.

व्हॉट्सअॅपची बातमी. ती अगदीच खोटी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्युअर कंपनीने एएमटी-१३० या जीन थेरपीचा रिझल्ट जाहीर केला, मेंदूत ऑपरेशन करून औषध सोडतात, जास्त डोस मिळालेल्यांत तीन वर्षांनी आजाराचा वेग ७५ टक्क्यांनी कमी दिसला. मी पण ते वाचून हललेच होते. पण तीन वर्षं पूर्ण झालेले ते पेशंट १२ होते, आणि तुलना बाहेरच्या पेशंटच्या जुन्या नोंदींशी होती. याआधी टोमिनर्सेन नावाच्या औषधाची मोठी ट्रायल मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली होती, त्यावरही अशीच आशा होती. तेव्हा आशा ठेवा, जमीन विकू नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण "स्टेम सेलने हंटिंग्टन बरा" म्हणून लाखो रुपये घेणारे आहेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे असल्या आजारात स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात, आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. कुणी ट्रायल म्हणालं तर सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा आणि वेबसाइटवर स्वतः टाकून बघा.

तुम्ही संशोधनाला काय देऊ शकता ते आता. तुमची वंशावळ. जातीच्या दाखल्यासाठी काढलेली असेल कदाचित, पण ती पुरणार नाही, कारण त्यात पोरं असतात, लेकी नसतात. आणि हा जीन लेकींमधनं तेवढाच जातो. आजोबांच्या बहिणी, वडिलांच्या बहिणी, कुणी गडहिंग्लजला दिली, कुणी बेळगावला, त्यांची मुलं आज कुठे कुठे आहेत, ते कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. सगळ्यात थोरल्या आत्याजवळ एक दिवस निवांत बसा. "डोक्यावर परिणाम झाला", "विहिरीत गेला", "दारूत संपला", "हात थरथरायचे म्हणून पोलिसातनं काढला", असलं जे जे ती सांगेल ते तिच्याच शब्दात लिहा, वय लिहा, आणि त्या लोकांचे जुने लग्नाचे व्हिडिओ असतील तर जपून ठेवा, चालण्यावरनं डॉक्टरांना बरंच कळतं. तेवढं बोलणं झालं की ज्यांना यायचंय त्यांनाच तपासणीला न्या.

हे एवढं महत्त्वाचं का? आजार कुणात लवकर आणि कुणात उशिरा का येतो हे शोधायला २०१९ मध्ये नऊ हजारांवर पेशंटचा डीएनए तपासला, आणि ते सगळे युरोपियन वंशाचे होते. आपल्या लोकांत तेच जीन तसंच काम करतात का, हे आपल्या लोकांच्या रक्ताशिवाय कळणार कसं. जानेवारी २०२५ मध्ये अजून एक मोठं काम आलं, त्यात दिसलं की ४०-४५ चा आकडा मेंदूतल्या काही पेशींत आयुष्यभर हळूहळू वाढत जातो, पुढे वेगाने, आणि १५० च्या वर गेला की ती पेशी बिघडायला लागते. म्हणजे ती वाढ अडवली तर आजार लांबवता येईल अशी एक नवी दिशा मिळाली. हे कळलं ते मृत्यूनंतर मेंदू दान केलेल्या लोकांमुळे. निम्हान्सला ब्रेन बँक आहे, पण मेंदू काही तासांतच काढावा लागतो, कोल्हापुरातनं ते अवघड, म्हणून वडिलांना समजतंय तोवर त्यांच्याशी बोलून, डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवायचा विषय आहे. नको म्हणाले तर हा विषय परत काढू नका.

रक्त देताना संमतीचा कागद वाचा. संशोधनासाठी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बहुतेक वेळा तुम्हाला मिळत नाही, लोक वाट बघत बसतात आणि चिडतात. एथिक्स कमिटीची मंजुरी कुठली, नमुना किती वर्षं ठेवणार, मन बदललं तर नाव काढता येतं का, हे विचारायचा हक्क आहे. आणि ती वजनाची वही, कुठलं औषध कधी सुरू केलं, कधी पडले, ते घेऊन जा.

आता दीड लाख. परदेशी संस्थेला पाठवू नका, एका औषधाला शेकडो कोटी लागतात, त्यात हे कुठे दिसणार नाहीत आणि ८०जीची (देणगीवर टॅक्स सवलतीची) पावती पण मिळणार नाही. नवीन ट्रस्ट काढू नका, ऑडिट आणि धर्मादाय ऑफिसच्या फेऱ्यांतच दमाल. माझी सूचना अशी की साधारण लाखभर इथेच ठेवा, मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच खात्यात वेगळं रजिस्टर करून, आणि त्यातनं तुमच्या भावकीतल्या आणि जिल्ह्यातल्या अशाच दुसऱ्या घरांतल्या लोकांना काउन्सेलिंगला जायचं भाडं, ज्याला हवी त्याची टेस्ट, स्पीच थेरपिस्टच्या घरी भेटी, जमलं तर एक दिवसाचं शिबिर, जिथे न्यूरॉलॉजिस्ट, गिळण्याचं बघणारी थेरपिस्ट आणि डाएटिशियन एका छताखाली. शिबिराला मी येईन, फी नको. उरलेले ५० हजार भारतात पेशंट आणि घरच्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेला, हंटिंग्टन डिसीज सोसायटी ऑफ इंडिया आहे, त्यांच्याशी आधी बोला, ८०जी, ऑडिट रिपोर्ट बघा, पैसे कशाला वापरायचे ते पत्रात लिहून द्या, आणि सहा महिन्यांनी काय झालं ते विचारा, विचारण्यात गैर काही नाही. दुबईतला मावसभाऊ पण देणार म्हणतोय ना, त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेतनं पाठवू दे, परदेशी नागरिक असेल तर एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची सरकारी परवानगी) नसलेल्या संस्थेला त्याचे पैसे घेता येत नाहीत. आणि तुमच्या कंपनीच्या एचआरला सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीबद्दल, एकदा विचाराच, शिबिराचा खर्च त्यातनं निघू शकतो.

राहिला फ्लेक्स. वडिलांना विचारा. मी वर म्हटलं तसं उत्तराला वेळ द्या, दोन दिवसांनी परत विचारा. ते हो म्हणाले तर लावा, आणि खाली आजाराचं नाव स्पष्ट लिहा, म्हणजे तो बघून अजून एखादं घर तुमच्याकडे येईल. पण त्याआधी बहिणीला आणि चुलत्यांना पण विचारा, कारण फ्लेक्सवर फोटो एकट्या वडिलांचा असला तरी आडनाव सगळ्यांचं जाणार आहे. त्यांच्यातलं एकजण जरी नको म्हणालं तर यंदा नाव-फोटोशिवाय नुसता शिबिराचा फ्लेक्स करा.